जैसलमेरला आई-बाबांना घेऊन चाललोय, आजूबाजूला एका दिवसात काय काय होईल?

कोलशेतकर:

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जैसलमेरचं घाटतंय. मी, नवरा, चौथीतली लेक आणि माझे आई-बाबा. बाबा सत्तरीचे पण ठणठणीत, आईचे गुडघे मात्र दुखरे, सपाटीवर चालते पण पायऱ्या आल्या की कठीण. मुक्काम चारेक दिवस, पूर्ण वेळ जैसलमेरलाच, हॉटेलं बदलत फिरायचं नाहीये.

ट्रॅव्हल्सवाल्याने जो प्लॅन पाठवलाय त्यात पहिल्या दिवशी किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव आणि संध्याकाळी सम (वाळूच्या टेकड्या), दुसऱ्या दिवशी तनोट (सीमेकडचं देवीचं मंदिर), लोंगेवाला (१९७१ च्या लढाईची जागा), येताना कुलधरा (ते ओसाड गाव) आणि परत सूर्यास्ताला वाळूत. वाचूनच दमले मी. हे असं खरंच होतं का? बाबांना लोंगेवाला बघायचंच आहे, त्यावर तडजोड नाही. लेकीला उंट. नवऱ्याला काहीही चालतं, फक्त पहाटे उठवू नका म्हणतो. मला स्वतःला कुलधराचं कुतूहल आहे.

समला तंबूत राहावं का, आईला काय झेपेल, आणि गर्दीपासून लांब असं काही आहे का, जाणकारांनी सांगा प्लीज. आगाऊ धन्यवाद.

बाजरीची_भाकर:

ताई, आम्ही नवऱ्याच्या बदलीमुळे जोधपूरला असतो आणि महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा जैसलमेर करूनच जातो, त्यामुळे हा प्लॅन ओळखीचा आहे. दुसरा दिवस वाचून हसू आलं. जैसलमेर–रामगढ–तनोट–लोंगेवाला–रामगढ–जैसलमेर हे चक्करच अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरचं होतं. रस्ता चांगला आहे, सरळसोट आहे, पण तनोटला आणि लोंगेवालाला मिळून दोन-अडीच तास तरी जातातच ना. त्यात डिसेंबरात तिकडे सूर्य उगवतो सव्वासात-साडेसातला आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे तनोटवरून येऊन कुलधरा करायचं म्हटलं तर अंधारात पोचाल, आणि सूर्यास्तानंतर तिथे आत सोडत नाहीत. तो दिवस फक्त तनोट-लोंगेवालाचा ठेवा, दुसरं काही घुसडू नका.

किल्ल्याचा दिवस वेगळा. आणि किल्ला सकाळी लवकर करा हो, दुपारी नाही. आतली जैन मंदिरं बघण्यासारखी आहेत, बारावं ते सोळावं शतक अशी टप्प्याटप्प्याने बांधलेली, आणि पर्यटकांना ती सकाळीच बघू देतात, दुपारी उशिरा गेलात तर दारावरून परत. चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवून जा.

आईंसाठी: किल्ल्याचा चढ म्हणजे चार पोळ (दरवाजे) ओलांडत वर जाणारा फरसबंदी रस्ता आहे, पायऱ्या नाहीत पण दगड शेकडो वर्षं चालून चालून गुळगुळीत झालेत, चपला घसरतात. बूट घाला. रिक्षा वर दशहरा चौकापर्यंत जाते, पण गर्दीच्या दिवसांत सोडतायत का ते हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी विचारून ठेवा. चौकात एकदा पोचलं की बसायला कट्टे आहेत, चहा आहे, तुम्ही गल्ल्या फिरून येईपर्यंत आई आरामात बसतील. पटवों की हवेलीत मात्र जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत, तिथे बाहेरूनच बघू दे त्यांना, आणि खरं सांगू का, त्या हवेलीचं अर्धं काम गल्लीत उभं राहूनच दिसतं. पाच हवेल्या शेजारी शेजारी, पहिली १८०५ मध्ये गुमानचंद पटवाने सुरू केली. आत गेल्यावर गाइड लोक मागे लागतात.

गडीसर संध्याकाळी. पायऱ्या थोड्या आहेत पण काठावरून पण छान दिसतं.

उंडगा:

बाजरीताईंशी सहमत. मी फक्त सम विरुद्ध खुरी यावर लिहितो कारण यावर माझं डोकं तापलेलं आहे.

सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. वाळूच्या टेकड्या खरंच मोठ्या आणि सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो रस्ता म्हणजे लग्नाच्या लॉन्सची रांग असते, प्रत्येक कॅम्पचा वेगळा डीजे, एकाचं संपत नाही तोवर दुसऱ्याचं सुरू, वाळूत जीपा घुंग घुंग करत फिरतायत, पोरं किंचाळतायत, चिप्सची पाकिटं उडतायत. फोटोत यातलं काही दिसत नाही. शांततेसाठी वाळवंटात जायचं आणि रात्री साडेअकरापर्यंत पंजाबी पॉप ऐकायचं, कशाला? शिवाय ३१ च्या आसपास भाव वाट्टेल ते होतात आणि पॅकेजमध्ये उंट, जेवण, कार्यक्रम सगळं आहे म्हणून सांगतात, तिथे गेल्यावर उंटाचे वेगळे, जीपचे वेगळे. आमच्या कॅम्पवाल्याने तर शेकोटीची लाकडंसुद्धा बिलात लावली होती. जे काही ठरेल ते फोनवर नको, व्हॉट्सॅपवर लिहून घ्या.

खुरी दक्षिणेला आहे, पन्नासएक किलोमीटर. टेकड्या समइतक्या उंच नाहीत पण गाव आहे, मातीची घरं आहेत, लोकांच्या घरीच राहण्याची सोय होते, चुलीवरची बाजरीची रोटी आणि केर-सांगरीची भाजी मिळते. रात्री अंधार असतो. म्हणजे खरा अंधार. तुम्हाला मुक्काम करायचा असेल तर खुरी, नुसता सूर्यास्त बघून परत यायचं असेल तर सम चालेल, आणि सममध्ये पण मुख्य थांब्याच्या दोनतीन किलोमीटर पुढेमागे गाडी थांबवा, फरक पडतो.

आता उंट. लेकीला बसवा, आईंना नको. उंट बसलेला असताना तुम्ही चढता, मग तो आधी मागचे पाय सरळ करतो, तुम्ही एकदम पुढे फेकले जाता, मग पुढचे पाय उचलतो तेव्हा मागे. उतरताना हेच उलट. त्यावेळी मागे रेलायचं आणि खोगिराची खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, एका हातात मोबाईल धरून शूटिंग करायचं नाही (हे लेकीच्या बापाला सांगा). गुडघेदुखीवाल्यांचे हाल चढण्याउतरण्यातच होतात, वर बसल्यावर नाही. त्यांच्यासाठी उंटगाडी सांगा, सपाट फळ्यांची असते, गादी टाकून देतात, आरामात जाते.

आणि कानटोप्या न्या. हसू नका. दिवसा पंचवीस अंश आणि रात्री पाच-सहा, तंबूत तर अजून वाजते. नुसतं वाळवंट आहे म्हणजे गरम असेल म्हणून कॉटनचे कुडते घेऊन येणारे कुडकुडत बसतात.

सातारी_फौजी:

बाबांना नमस्कार सांगा. लोंगेवाला बघायचं म्हणजे बघायचं, बरोबर आहे त्यांचं.

मी सैन्यात होतो, त्या भागात राहून आलोय. माझं मत, आधी जैसलमेर वॉर म्युझियम करा, जोधपूर रोडला, शहरापासून दहा-बारा किलोमीटर. २०१५ ला सुरू झालंय. तिथे लोंगेवालाची लढाई नकाशावर नीट समजावलेली आहे, मग प्रत्यक्ष जागेवर गेलं की डोळ्यासमोर उभी राहते. उलट केलंत तर लोंगेवालाला नुसते रणगाडे आणि वाळू दिसते. हे म्युझियम सपाटीवर आहे, आईंना काही त्रास नाही. आवारात हंटर विमान ठेवलंय, नातीला दाखवा.

थोडक्यात सांगतो. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. २३ पंजाब बटालियनची एक कंपनी चौकीवर, साधारण १२० माणसं, कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोरून पाकिस्तानचे चाळीसच्या वर रणगाडे आणि पायदळ. मागे सरका किंवा थांबा, असा पर्याय होता, ते थांबले. जैसलमेरच्या तळावर हंटर विमानं होती पण त्यांना रात्री उडून मारा करता येत नव्हता, म्हणजे उजाडेपर्यंत टिकणं हीच लढाई. सकाळी हंटर आली आणि उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला जागाच नाही. शिवाय बरेच मऊ वाळूत रुतलेले. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं. लोक सिनेमातलं डोक्यात घेऊन येतात आणि विमानवाल्यांना विसरतात, म्हणून लिहिलं एवढं.

जागेवर गेल्यावर खंदक बघा, मोर्चे कसे उंचावर आहेत ते बघा. बाबांना घाई करू देऊ नका.

तनोट माता मंदिर बीएसएफ सांभाळते, पूजा, आरतीसुद्धा जवानच करतात. १९६५ च्या युद्धात मंदिराच्या आसपास पडलेले न फुटलेले गोळे आत काचेच्या कपाटात ठेवलेत. आकडे लोक वेगवेगळे सांगतात, श्रद्धेचा भाग आहे, मी त्यात पडत नाही. बाहेर हजारो रुमाल बांधलेले दिसतील, नवसाचे. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायला वेगळी परवानगी लागते, बीएसएफकडून, आणि नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे त्यावर प्लॅन बांधू नका, मिळाली तर बोनस. सगळ्यांची मूळ आधारकार्डं जवळ ठेवा, झेरॉक्स नको. रामगढला टाकी फुल करा, हवा तपासा आणि आईंना बाथरूमला तिथेच जाऊ दे, पुढे मंदिर येईपर्यंत भरवशाचं काही नाही. मोबाईलला रेंज जाते येते.

आधी तनोट, मग लोंगेवाला असं करा. सकाळी मंदिरात गर्दी कमी.

कोलशेतकर:

बापरे, केवढं भराभर लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. फौजी काका, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं हे सगळं आणि मग अर्धा तास सांगतच बसले. हंटरचं त्यांना माहीत होतं, मला नव्हतं.

तर मग तनोटचा दिवस वेगळा ठरला. रस्त्यात बघण्यासारखं काही आहे का हो की नुसती वाळू? आणि कुलधराचं कुणीच काही लिहिलं नाही. भुताटकी वगैरे खरंच आहे का, लेक घाबरेल का?

खोचक:

भुतं नाहीत. तिकीट आहे.

कुलधरा म्हणजे पालीवाल ब्राह्मणांचं सोडून दिलेलं गाव, जैसलमेरपासून अठरा-वीस किलोमीटर, समच्या रस्त्यापासून थोडं आत. असं सांगतात की जैसलमेरचा दिवाण सालिमसिंग याची नजर गावातल्या मुलीवर पडली म्हणून ८४ गावं एका रात्रीत रिकामी झाली आणि जाताना शाप देऊन गेली. ही गोष्ट तुम्हाला गाइड, ड्रायव्हर, चहावाला, तिघंही सांगतील, थोड्या थोड्या फरकाने. अभ्यासक मंडळी म्हणतात की पाणी आटत गेलं, सालिमसिंगने कर वाढवले, आणि लोक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हळूहळू निघून गेले, भूकंपाचाही अंदाज कुणी कुणी मांडलाय. एका रात्रीत ८४ गावं बैलगाड्यांत सामान भरून निघाली असती तर आसपासच्या कुणाला तरी धूळ दिसली असती की.

मला विचाराल तर भुतांपेक्षा भारी गोष्ट तिथे पाण्याची आहे आणि ती कुणी सांगत नाही. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो तिथे, आणि हे लोक गहू पिकवायचे. कसा? खडीन. आजूबाजूचा खडकाळ उतार जिथे संपतो त्या सखल जागी मातीचा लांब बांध घालायचा, पावसाळ्यात उतारावरचं सगळं पाणी वाहून तिथे साठतं, सोबत गाळ येतो, पाणी जमिनीत मुरतं आणि उरलेलं ओसरलं की त्या ओल्या जमिनीत गहू, हरभरा पेरायचा, वर एक थेंब पाणी न देता पीक हाताला येतं. त्या भागात काही खडीनांत अजून शेती होते, डिसेंबरात जाताय तर नशीब असेल तर रखरखीत माळावर मधेच एक हिरवी पट्टी दिसेल, ड्रायव्हरला नाव सांगून विचारा, त्याला माहीत असतं. आपल्याकडे मराठवाड्यात टँकर मोजणाऱ्यांनी खास बघावं असं प्रकरण आहे.

कुलधरात बरीच घरं नुसत्या भिंती आहेत, एखाददोन नव्याने उभी केलीत ती डोळ्यात खुपतात. गच्चीवर चढलात तर गावाची आखणी दिसते, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या. जवळच खाभाचा किल्ला आहे, तिथून खालचं उजाड गाव जास्त चांगलं दिसतं आणि माणसंही कमी. मी कुलधराऐवजी खाभाच करा म्हणेन, पण ताईंना कुतूहल आहे तर दोन्ही करा, अंतर जास्त नाही.

अवांतर: आकल लाकूड जीवाश्म उद्यान, बाडमेर रोडला सतरा किलोमीटर. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके, उघड्या माळावर पडलेले, त्यावर पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी जाळी. सर्वात मोठा तेरा मीटरच्या वर लांब आहे. दिसायला काही ग्लॅमर नाही, अर्ध्या तासात संपतं, बहुतेक लोक निराश होऊन परततात. पण चौथीतल्या पोरीला सांगा की हे वाळवंट एकेकाळी जंगल होतं आणि जवळच समुद्र होता, मग बघा.

बाजरीची_भाकर:

तनोटच्या रस्त्याचं विचारलंत ना, नुसती वाळू नाही. निघाल्या निघाल्या पवनचक्क्या लागतात, मोजता येणार नाहीत इतक्या. रामगढच्या बाजूला मधेच शेतं दिसायला लागतात आणि माणूस गोंधळतो, तो इंदिरा गांधी कालवा, पार पंजाबातल्या हरिकेहून पाणी आणलंय. त्याच्या पुढे मग रस्त्यावर वाळू आलेली असते. गाडी हळू घ्या, उंट आणि गायी रस्त्यातच बसतात.

आणि खोचकराव म्हणतात तसं कुलधरा-खाभा सकाळी उशिरा केलंत तर त्याच रस्त्याने पुढे समला सूर्यास्ताला पोचता, तो एक दिवस झाला. नवऱ्यालाही पहाटे उठायला नको. उरलेल्या दिवशी लोदुर्वा आणि बडा बाग करा, दोन्ही अगदी जवळ, लोदुर्वा पंधराएक किलोमीटर. जैसलमेर ११५६ मध्ये वसायच्या आधी भाटी राजपुतांची राजधानी लोदुर्वाला होती, आता तिथे सतराव्या शतकात पुन्हा उभं केलेलं पार्श्वनाथाचं मंदिर आहे, दगडाची जाळी अशी की हात लावून बघावंसं वाटतं, कापड आहे का म्हणून. आईंना हे नक्की आवडेल आणि चालणं फार नाही. बडा बागेत राजघराण्याच्या छत्र्या, मागे पवनचक्क्या. तिथे दुपारी चारनंतर जा, दगडाचा रंग बघण्यासारखा होतो.

नान्नजची_पाखरं:

कुणीच पक्ष्यांबद्दल बोललं नाही म्हणून येतोय. समच्या वाटेवर डेझर्ट नॅशनल पार्क आहे, ३१६२ चौरस किलोमीटर, तिथे गोडावण, म्हणजे आपला माळढोक. आम्ही सोलापूरकर नान्नजच्या माळावर माळढोक बघत मोठे झालो, आता तिथे दिसला तर बातमी होते. जगात दीडशेच्या आसपासच उरलेत असं मानतात आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. सुदासरीच्या कुंपणाच्या भागात परवाना काढून, वनखात्याच्या माणसाबरोबर, अगदी सकाळी जायचं. दिसेलच असं नाही. दिसला तर लांबून, दुर्बिणीतून, गवताच्या वर मान. जवळ गाडी न्यायला ड्रायव्हरला सांगू नका, पैसे देऊ नका त्यासाठी.

आणि वर ज्या पवनचक्क्यांचं कौतुक चाललंय त्यांच्या विजेच्या तारांना आपटून हे पक्षी मरतात हेही लक्षात असू द्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात, शरीर जड, तार दिसेपर्यंत वळता येत नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. असो, धागा भरकटेल.

तुम्ही परत जोधपूरमार्गे जाणार असाल तर गाडीने फलोदीवरून जा आणि खिचनला थांबा. हिवाळ्यात तिथे कुरजा येतात, आपण करकोचे म्हणतो ते, हजारोंनी. गावातले लोक पिढ्यानपिढ्या त्यांना दाणे घालतात, त्यासाठी वेगळं चुग्गाघर आहे, सकाळी थव्यांनी उतरतात आणि आवाज असा की शेजारच्याशी बोलता येत नाही. बघायला शेजारच्या घराच्या गच्चीवर जावं लागतं, तेवढा एक जिना. २०२५ मध्ये रामसरच्या (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) यादीत घेतलंय खिचनला. मात्र हे सकाळचंच काम, म्हणजे जैसलमेरहून पहाटे निघावं लागेल. नवऱ्याला गाडीत झोपू दे.

उंडगा:

नान्नजकरांना +१. आणि तारांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, धागा भरकटला तरी चालेल.

जेवणाचं राहिलं. दाल-बाटी सगळीकडे मिळते, घोटुवा लाडू मात्र जैसलमेरचेच, ते घ्या, टिकतात पण. किल्ल्याच्या दरवाज्याजवळ भांगेचं सरकारमान्य दुकान आहे, त्यांच्याकडे लस्सी मिळते, बाबांना चुकून देऊ नका :)

कोलशेतकर:

हाहा, बाबांना नाही, नवऱ्याला जपावं लागेल.

एकच विचारते, किल्ल्याच्या आतच हॉटेल मिळतंय स्वस्तात, आईचा चढ-उतार वाचेल असं वाटलं. घेऊ का?

सातारी_फौजी:

नको. एकतर गाडी दारापर्यंत जात नाही, सामान गल्ल्यांतून ओढत न्यावं लागतं, आणि रोज फिरायला बाहेर पडायचं म्हणजे रोज तोच चढ-उतार, वाचत काही नाही. दुसरं म्हणजे किल्ल्यात अजून लोकवस्ती आहे, त्यात हॉटेलं वाढली, पाण्याचा वापर वाढला, आणि ते सांडपाणी पायाखाली मुरून टेकडी आतून पोकळ होतेय, हे वर्षानुवर्षं तज्ज्ञ सांगतायत. पूर्वी वाळवंटात माणशी दोन घागरी पाणी लागायचं, त्या हिशोबाने बांधलेला किल्ला आहे तो, शॉवरच्या हिशोबाने नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीचा एक भाग ढासळला. खाली शहरात, किल्ला दिसेल अशी गच्ची असलेलं हॉटेल बघा, आणि तळमजल्याची खोली मागून घ्या.

बाजरीची_भाकर:

हो, आणि खोलीत हीटर आहे का तेही विचारा, राजस्थानातली बरीच हॉटेलं उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलीत, गरम पाणी पण ठरावीक वेळेलाच येतं. तुम्ही कशाने येताय? वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूरला उतरलात तर तिथून गाडी करून पाचेक तास लागतात, वाटेत पोखरणला जेवायला थांबा. ओळखीचा ड्रायव्हर आहे, वयस्कर माणसांना नीट नेतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते नंबर.

कोलशेतकर:

सूर्यनगरीचंच बघतेय, खालचे बर्थ मिळतायत का तेवढं बघायचंय. नंबर पाठवा हो ताई, वाट बघते.